लाइफटाइम वॉरंटी : लाइफ नेमकी कुणाची?

भिवंडीत आमच्या दुकानामागच्या गल्लीत यंत्रमागांचे कारखाने आहेत. त्या कारखान्यांतून मागांची दुरुस्ती करणारे एक मिस्त्री गेली पंचवीस-तीस वर्षे आमच्याकडे येतात. कधी घरच्यांसाठी कापड घेतात, कधी नुसता चहा पिऊन जातात. गेल्या हिवाळ्यात एका दुपारी ते गमछात काहीतरी गुंडाळून घेऊन आले. गल्ल्याजवळ त्यांनी गमछा उलगडला. आत दोन अवजारे होती. एक होता २४-२७ चा दुतोंडी पाना. त्याच्या एका तोंडाची बाजू मुळापासून तुटली होती. दुसरी होती पक्कड. तिचे दात झिजून बोटाला गुळगुळीत लागत होते.

पाना घेऊन वर्षसुद्धा झाले नव्हते. मिस्त्रींनी खोके जपून ठेवले होते. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘लाइफटाइम वॉरंटी’ असे छापलेले होते. ते घेऊन मिस्त्री हार्डवेअरच्या दुकानी गेले तेव्हा दुकानदार म्हणाला, “मिस्त्री, लाइफटाइम म्हणजे पान्याची लाइफ. ती संपली म्हणून तर पाना तुटला!”

दुकानातली चार माणसे हसली आणि मिस्त्री परत फिरले. आमच्यासमोर बसून त्यांनी विचारले, “सेठ, तुम्ही व्यापारी माणूस. एवढे सांगा, खोक्यावर लिहिलेली ही लाइफ कुणाची? माझी, पान्याची, की त्या दुकानदाराची?”

आम्हाला आधी हसू आले आणि मग लाज वाटली. लाज का वाटली ते शेवटी सांगू. आधी मिस्त्रींच्या सवालाकडे वळू, कारण हा सवाल एका पान्यापुरता नाही. ज्याची रोजी हातातल्या अवजारावर चालते, त्याचा पाना तुटला तर त्या दिवशी माग बंद, मागवाला बसून आणि मिस्त्रीची मजुरी बुडालेली. पाना चारशे रुपयांचा असेल, पण नुकसान तेवढ्यावर थांबत नाही.

शब्द एक, अर्थ तीन

‘लाइफटाइम’ या शब्दाचे निदान तीन अर्थ निघतात. पहिला अर्थ असा की, विकत घेणारा माणूस जिवंत आहे आणि वस्तू त्याच्याकडे आहे तोवर जबाबदारी कंपनीची. साधे गिऱ्हाईक हाच अर्थ धरते. दुसरा अर्थ असा की, वस्तूचे स्वतःचे कामाचे आयुष्य आहे तोवर. म्हणजे रीतसर वापरून ती झिजली की आयुष्य संपले आणि जबाबदारीही संपली. तिसरा अर्थ असा की, कंपनी तो माल बनवते आहे तोवर. मॉडेल बंद झाले की वायदाही बंद.

हा घोळ फक्त आपल्या गल्लीत होतो असे समजू नका. अमेरिकेत व्यापारावर देखरेख ठेवणारा जो केंद्रीय आयोग आहे, त्याने १९८५ साली वॉरंटीच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक नियम काढले. त्यांत ‘लाइफटाइम’ या शब्दावर वेगळे कलमच आहे. हा शब्द वापरला असेल, तर ते आयुष्य कुणाचे हे जाहिरातीत स्पष्ट सांगा, असा त्याचा मतलब. उदाहरण दिले आहे मोटारीच्या सायलेन्सरचे. वायदा मोटारीच्या आयुष्यापुरता असेल तर तसे लिहा, उगीच गिऱ्हाइकाला आपल्या हयातीची आशा लावू नका. त्याआधी १९७५ साली तिथे वॉरंटीचा स्वतंत्र कायदाही झाला होता. त्यात लेखी वॉरंटी ‘पूर्ण’ आहे की ‘मर्यादित’ हे मथळ्यातच सांगण्याचे बंधन घातले गेले.

म्हणजे मिस्त्रींनी गमछा उलगडून जो सवाल केला, तोच सवाल तिकडच्या सरकारलाही नियम करून सोडवावा लागला.

सीअर्सचे काउंटर

हातअवजारांच्या आयुष्यभराच्या हमीचे सर्वांत गाजलेले उदाहरणही अमेरिकेतलेच आहे. सीअर्स रोबक ही तिथली मोठी पेढी. टपालाने माल पाठवणारी, जाडजूड कॅटलॉग काढणारी. शर्टापासून शेगडीपर्यंत आणि एके काळी तर अख्ख्या घराच्या सामानापर्यंत सारे काही तिच्या कॅटलॉगमध्ये मिळत असे. समाधान झाले नाही तर पैसे परत, हे तिचे ब्रीद होते. याच पेढीने १९२७ साली ‘क्राफ्ट्समन’ हे नाव नोंदवले आणि त्या नावाने पाने, हातोड्या, पेचकस, रॅचेट अशी अवजारे विकायला सुरुवात केली.

लक्षात घेण्यासारखी बाब अशी की, सीअर्सचा स्वतःचा असा पान्यांचा कारखाना नव्हता. ती दुसऱ्या कारखानदारांकडून माल बनवून घेई आणि त्यावर आपले नाव घाली. आपल्या कापडाच्या धंद्यात जसा एकाचा माग, दुसऱ्याची रंगाई आणि थानावर छाप तिसऱ्याचा, तसेच ते होते. माल दुसऱ्याने बनवला म्हणून जबाबदारी मात्र झटकली नाही. क्राफ्ट्समनचे हातअवजार तुटले की ते घेऊन जवळच्या सीअर्सच्या दुकानात जायचे, काउंटरवर ठेवायचे आणि तसेच नवे घेऊन घरी यायचे. बिल मागत नसत. कधी घेतले, कुणी घेतले, हेही विचारत नसत. बापाच्या पेटीतला पाना मुलगा घेऊन गेला तरी चाले. रॅचेटसारख्या आत पुर्जे असलेल्या अवजाराची बऱ्याचदा तिथेच दुरुस्ती होई किंवा दुरुस्त केलेले दुसरे हाती दिले जाई. विजेवर चालणाऱ्या अवजारांना मात्र ही आयुष्यभराची हमी नव्हती, त्यांची मुदत वेगळी आणि मोजकी असे.

पुढे काय झाले तेही व्यापाऱ्याने समजून घ्यावे. सीअर्सचा मोठा कॅटलॉग १९९३ साली बंद पडला. २००५ साली के-मार्ट आणि सीअर्स या दोन पेढ्या एका मालकीखाली आल्या, पण धंदा सावरला नाही. २०१७ साली सीअर्सने क्राफ्ट्समन हे नाव स्टॅन्ले ब्लॅक अँड डेकर या अवजारांच्या कंपनीला विकले. सौदा सुमारे नव्वद कोटी डॉलरचा होता. ऑक्टोबर २०१८ मध्ये सीअर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. ज्या काउंटरवर लोक तुटके पाने घेऊन जात, ती दुकाने एकामागून एक बंद झाली.

मग त्या आयुष्यभराच्या वायद्याचे काय झाले? तो नव्या मालकाने आपल्या शिरावर घेतला. क्राफ्ट्समनच्या जुन्या हातअवजारांची हमीही आपण पाळू, असे स्टॅन्ले ब्लॅक अँड डेकरने जाहीर केले. यात दानधर्म नव्हता. लोकांचा त्या नावावर जो भरवसा बसला होता, त्याचीच किंमत कंपनीने मोजली होती. हमी मोडली असती तर एवढ्या डॉलरला विकत घेतलेले नाव कवडीमोल झाले असते. दुकान गेले, पेढी बुडाली, पण नव्वद वर्षे काउंटरवर पाळलेल्या शब्दाला गिऱ्हाईक मिळाले. आम्हाला यात धंद्याचा मोठा धडा दिसतो.

फुकट बदलून देणे परवडते कसे?

आमच्या एका व्यापारी दोस्ताला ही हकीकत सांगितली तेव्हा तो म्हणाला, “अशाने महिन्याभरात दिवाळे निघेल.” हिशेब मांडला तर तसे दिसत नाही.

चांगला पाना क्रोम-व्हॅनेडियम पोलादाचा असतो. पोलाद लालबुंद तापवून साच्यात घणाखाली घडवतात, मग त्याला पाणी देतात आणि पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. यात कसूर राहिली तर दोनच प्रकार होतात. पोलाद गरजेपेक्षा कडक राहिले तर जोर पडताच काचेसारखे तुटते. मऊ राहिले तर पान्याचे तोंड फाकते आणि नटाचे कोपरे खाऊन टाकते. घडताना आत बारीक चीर राहिली असेल तर तीही जोराच्या कामात उघडी पडते. मतलब असा की कारखान्याची चूक बहुधा सुरुवातीच्या दिवसांतच चव्हाट्यावर येते. जो पाना पहिले काही महिने मेहनतीचे काम सोसतो, तो पुढे वर्षानुवर्षे टिकतो.

शिवाय अवजारे तुटतात त्यापेक्षा जास्त हरवतात. कुणी मागून नेतो आणि परत देत नाही, कुठे मागाखाली पडून राहते, कुठे भंगारात जाते. हरवलेला पाना काउंटरवर आणता येत नाही. उरलेल्यांपैकी पुष्कळजण एका पान्यासाठी भाडे खर्चून येत नाहीत. म्हणजे वायदा सर्वांना केलेला असला तरी तो वसूल करायला येणारे थोडे. आणि जो येतो तो मोकळ्या हाताने परत जात नाही. नवा पाना मिळाला या खुशीत हातोडी घेतो, शेजाऱ्याला सांगतो. बदलून दिलेल्या पान्याची घाऊक किंमत जाहिरातीच्या खर्चापुढे किती, हे ज्याने त्याने आपल्या वहीत पाहावे.

अट मात्र एक आहे. माल मुळात चांगला हवा. हलक्या मालावर आयुष्यभराची हमी छापणारा एक तर बुडतो किंवा हमी नाकारतो. बहुतेक दुसरी वाट धरतात.

तुटणे वेगळे, झिजणे वेगळे

इथे गिऱ्हाइकानेही इन्साफाने बोलावे. आयुष्यभराची हमी बहुतेक ठिकाणी पोलादाच्या आणि बनावटीच्या दोषाबद्दल असते. सीअर्ससारखे मन मोठे करणारे थोडे. वापराने होणारी झीज बहुतेक कंपन्या वेगळी ठेवतात, आणि त्यात गैर काही नाही. कानशीचे दात जाणार, करवतीचे पाते बोथट होणार, पेचकसचे टोक गोल होणार. कानस म्हणजे झिजण्यासाठीच केलेली वस्तू. तिच्यावर आयुष्यभराचा हक्क सांगणे म्हणजे पेन्सिल संपली म्हणून नवी मागण्यासारखे आहे.

त्याचप्रमाणे गैरवापराचीही हमी नसते. पान्याच्या दांड्यात लोखंडी पाइप घालून जोर करणे, पान्यावर हातोडीचे घाव घालणे, छिन्नी म्हणून पेचकस ठोकणे, पान्याचे तोंड ग्राइंडरवर घासून दुसऱ्या मापाच्या नटाला बसवणे, वेल्डिंग करून वाकवणे, हे सारे आपल्या कारखान्यांत रोज चालते. मिस्त्री लोक हुशार आहेत, नड असते म्हणून करतात. पण त्याची खूण अवजारावर राहते. घणाचा घाव पडला की कडा चेपते, पाइप घातला की दांड्यावर ओरखडे उठतात, ग्राइंडर लागला की पोलाद निळसर होते. जाणता माणूस अशा खुणा सहज ओळखतो. म्हणून हमी मागायला जाणाऱ्याने आधी आपल्या अवजाराकडे त्याच नजरेने पाहावे.

आपला कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे १९३० सालच्या माल-विक्री कायद्यात ‘शर्त’ आणि ‘वॉरंटी’ यांत फरक केला आहे. शर्त मोडली तर माल नाकारता येतो, वॉरंटी मोडली तर नुकसानभरपाई मागता येते. व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतल्या सौद्यात हा फरक ध्यानात ठेवावा.

साध्या गिऱ्हाइकासाठी १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला. त्याची जागा २०१९ च्या नव्या कायद्याने घेतली आणि तो जुलै २०२० पासून अमलात आला. या कायद्यातल्या काही बाबी दुकानदार आणि कारागीर दोघांनीही जाणून घ्याव्यात.

पहिली बाब अशी की, योग्य चाचणी न करता मालाच्या टिकाऊपणाची किंवा आयुष्याची हमी जाहीर करणे ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. म्हणजे खोक्यावर ‘लाइफटाइम’ छापून मोकळे होता येत नाही.

दुसरी बाब अशी की, विकलेल्या मालाचे बिल न देणे हीसुद्धा अनुचित प्रथा आहे. सदोष माल परत घेण्यास नकार देणे हीही. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत आणि काहीच लिहिले नसेल तर तीस दिवसांत माल परत घेऊन पैसे देणे दुकानदारावर बंधनकारक आहे. आपल्या बाजारात ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे बिलाच्या तळाशी छापण्याची चाल आहे. ती ओळ सदोष मालाच्या बाबतीत ढाल होईल, या भ्रमात कुणी राहू नये.

तिसरी बाब मिस्त्रींसारख्यांच्या फार कामाची आहे. व्यापारी कामासाठी माल घेणारा हा कायद्याने ग्राहक नाही. त्यामुळे पुष्कळ दुकानदार कारागिराला सांगतात की, तू धंद्यासाठी पाना घेतलास, तुला ग्राहकाचा हक्क नाही. हे खरे नाही. जो माणूस स्वतःच्या हाताने काम करून पोट भरण्यासाठी वस्तू घेतो आणि वापरतो, तो ग्राहकच आहे, असा खुलासा कायद्यातच दिला आहे. शिंप्याची कात्री, सुताराचा रंधा, मिस्त्रीचा पाना या साऱ्यांना तो लागू पडतो.

तक्रार करायची तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. तिथे बऱ्याचदा कंपनीकडे निरोप जाऊन निकाल लागतो. न लागल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. पण चारशेच्या पान्यासाठी आयोगापर्यंत जाण्याची वेळ यावी, यातच बाजाराची नाचक्की आहे.

मिस्त्रींच्या पान्याचे काय झाले?

आम्ही मिस्त्रींबरोबर हार्डवेअरच्या दुकानी गेलो. बिल नव्हतेच. दुकानदाराने दिले नव्हते आणि मिस्त्रींनी मागितले नव्हते. खोके तेवढे होते. दुकानदार आमच्या ओळखीचे, माणूस वाईट नाही. आम्हाला पाहून त्यांनी स्टूल पुढे केले आणि खरी अडचण सांगितली. “सेठ, मी बदलून देईन, पण मला कोण बदलून देणार? कंपनीचा माणूस महिन्यातून एकदा येतो. त्याने हात वर केले तर पाना माझ्या अंगावर पडतो.”

इथे गाठ कुठे आहे ते आमच्या ध्यानात आले. वायदा कंपनीने केला, छापला खोक्यावर, आणि पाळायचा कुणी तर गल्ल्यावर बसलेल्याने. त्याला मधल्या वितरकाने काही सांगितलेच नव्हते. त्याने कधी विचारलेही नव्हते. सीअर्सच्या काउंटरवरच्या नोकराला मालकाचा हुकूम होता, आमच्या दुकानदाराला तसा हुकूम नव्हता. हमी वाटेतच कुठेतरी अडकली होती.

आम्ही म्हणालो, “पाना ठेवून घ्या, चिठ्ठी लिहून द्या. कंपनीचा माणूस येईल तेव्हा आम्हाला हाक मारा.” त्यांनी चिठ्ठी दिली. तीन आठवड्यांनी हाक आली. कंपनीचा प्रतिनिधी पंचविशीचा पोरगा होता. त्याने तुटलेली बाजू उजेडात धरली, दांडा फिरवून पाहिला. पाइपचा ओरखडा नाही, घणाचा घाव नाही. तुटलेल्या जागी एका कोपऱ्यात काळसर डाग होता. तो म्हणाला, “ही चीर आधीपासूनची आहे, घडाईतली. बदलून मिळेल.” बिलाचे त्याने नावही काढले नाही. पुढच्या खेपेत नवा पाना आला.

पक्कडही मिस्त्रींनी पुढे केली. पोऱ्याने दातांवरून अंगठा फिरवला आणि विचारले, “किती वर्षांची?” मिस्त्री म्हणाले, “बारा-तेरा.” तो हसून म्हणाला, “चाचा, हिने आपले काम केले.” मिस्त्रीही हसले आणि त्यांनी पैसे मोजून नवी पक्कड घेतली. या वेळी बिल मागून घेतले.

तीन आठवडे मिस्त्री उसन्या पान्यावर काम करत होते, हे मात्र कुणाच्याच हिशेबात आले नाही. दुकानदाराने पहिल्याच दिवशी चिठ्ठी दिली असती, किंवा कंपनीने प्रत्येक दुकानी दोन पाने बदलीसाठी ठेवले असते, तर तेही टळले असते.

आमच्या लाजेचे कारण

आता ती लाजेची बाब. आमच्या दुकानात पुष्कळ वर्षे एक पाटी होती, ‘पक्क्या रंगाची गॅरंटी’. एकदा एका बाईंनी मुलीच्या लग्नासाठी गडद लाल कापड नेले. आठवड्याने त्या ते घेऊन आल्या. पहिल्याच धुण्यात रंग सुटला होता आणि बरोबर भिजवलेले पांढरे कपडे गुलाबी झाले होते. आम्ही बाईंना सांगितले, “पाण्याचा दोष असेल. बोअरचे पाणी वापरता का?” दुकानातले दोन नोकर हसले. बाई काही बोलल्या नाहीत. कापड पिशवीत घालून निघून गेल्या.

दोष पाण्याचा नव्हता, हे आम्हाला तेव्हाच ठाऊक होते. रंगाई झाल्यावर जो रंग धाग्यात बसत नाही, तो साबणाच्या गरम पाण्यात धुऊन काढावा लागतो. रंगाईवाल्याने घाई केली की तोच रंग पहिल्या धुण्यात गिऱ्हाइकाच्या बादलीत उतरतो. त्या खेपेचा सगळा माल तसाच होता. रंगाईवाल्याशी भांडून आम्ही नंतर पैसे कापूनही घेतले. त्यातला एक रुपयाही त्या बाईंपर्यंत गेला नाही. त्या पुन्हा आमच्या दुकानात आल्या नाहीत. त्यांच्या मोहल्ल्यातली दोन-चार कुटुंबे ईदला, लग्नाला आमच्याकडेच येत. हळूहळू तीही यायची थांबली.

म्हणून हार्डवेअरवाल्याचे ‘पान्याची लाइफ संपली’ हे बोलणे ऐकले तेव्हा आम्हाला आमचेच ‘पाण्याचा दोष’ आठवले.

आमच्या गल्ल्यात मरहूम वडिलांची मेरठची कात्री आहे. थान कापायला आजही तीच वापरतो. मेरठच्या कात्रीला २०१३ साली भौगोलिक ओळखीची सरकारी नोंद मिळाली. मोडीत निघालेल्या गाड्यांच्या पोलादापासून तिथले कारागीर ती घडवतात, आणि बोथट झाली की उघडून, धार लावून पुन्हा कामाला लागते. तिच्याबद्दल तिकडे म्हण आहे, ‘दादा ले, पोता बरते’. आजोबांनी घ्यावी, नातवाने वापरावी. कुठल्या खोक्यावर हे छापलेले नाही. मराठीत आपण हमी म्हणतो, उर्दूत जमानत म्हणतात. दोन्ही शब्दांत कुणीतरी माणूस जामीन उभा राहतो. माणूस उभा नसेल तर छापील शब्द कोरा कागदच.

व्यापारी बंधूंस आणि गिऱ्हाइकांस

गिऱ्हाइकांना आमची विनंती एवढीच. अवजार घेताना बिल घ्या आणि त्यावर दुकानदाराकडून ‘बदलून देण्याची जबाबदारी कुणाची’ हे लिहून घ्या. खोक्याच्या मागची बारीक अक्षरे दुकानातच वाचा. बिल आणि खोके जपा, बिलाची शाई उडते म्हणून मोबाइलवर फोटो काढून ठेवा. तुटले तर वेल्डिंग करण्याआधी दाखवा, कारण वेल्डिंगनंतर कारखान्याचा दोष शोधता येत नाही. आणि झिजलेल्या वस्तूला तुटलेली म्हणू नका.

दुकानदार बंधूंना विनंती अशी की, ज्या मालावर हमी छापली आहे तो दुकानात भरण्याआधी वितरकाला विचारा, बदली कोण देणार आणि किती दिवसांत. उत्तर लेखी घ्या. उत्तर मिळाले नाही तर गिऱ्हाइकाला खरे सांगून विका. पाना तुटका असो की कापड विटलेले, समोर आलेल्या माणसाला चार लोकांत हसण्यावारी नेऊ नका. वस्तूचे पैसे परत करता येतात, त्या हसण्याची भरपाई करता येत नाही.

आम्ही आमची ती पाटी काढली. तिच्या जागी आता बिलावरच छापून घेतले आहे : ‘पहिल्या तीन धुण्यांत रंग गेल्यास कापड व बिल घेऊन यावे. कापड बदलून किंवा पैसे परत मिळतील. उन्हाने किंवा ब्लीचने उडालेल्या रंगाची जबाबदारी नाही.’ वायदा पहिल्यापेक्षा लहान आहे, पण पाळता येण्याजोगा आहे. गेल्या सहा महिन्यांत तिघे आले, तिघांनाही बदलून दिले. गल्ल्यावर बसणाऱ्या पोरांना सांगून ठेवले आहे की, आम्हाला विचारायला थांबू नका.

परवा मिस्त्री आले होते. त्यांनी बिलावरची ती ओळ दोनदा वाचली आणि विचारले, “सेठ, यात लाइफटाइम कुठे लिहिलेले नाही?”

आम्ही म्हणालो, “नाही लिहिले. तीन धुण्यांचे लिहिले आहे, तेवढे नक्की.”